माइक खरंच बंद आहे का?

भाषण संपतं, वक्ता जागेवर येऊन बसतो, शेजारच्याच्या कानाशी लागतो आणि त्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. निवेदिका विंगेत जाऊन उशीर करणाऱ्यावर वैतागते आणि ते वैतागणं प्रेक्षागृहात ऐकू जातं. नट प्रवेश संपवून आत येतो, कमरेला माइकचा पॅक तसाच, आणि मग दाराची कडी, नळाचं पाणी, खाकरणं सगळंच स्पीकरवर. नंतर बोल लागतो तो त्या माणसाला: ‘माइक बंद करायचं कळत नाही का?’

हा बोल चुकीच्या माणसाला लागतो. ज्याचं सगळं चित्त शब्दांत, सुरांत किंवा भूमिकेत आहे त्याने कमरेवरच्या बटनाचंही भान ठेवावं, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्थाच कच्ची. माइक उघडणं आणि बंद करणं हे एका ठरलेल्या माणसाचं काम असावं, तो माणूस कोण हे कार्यक्रमाआधी सगळ्यांना माहीत असावं, आणि आवाज कुठकुठल्या वाटांनी बाहेर पडतो हे त्या माणसाला तोंडपाठ असावं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून सुरुवात तिथूनच.

आवाजाच्या वाटा

वायरलेस कॉलर माइकचा आवाज आधी कमरेच्या पॅकमध्ये (आवाज रेडिओलहरींवर सोडणाऱ्या डबीत) जातो, तिथून रेडिओलहरींवर रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरमधून मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्राच्या, एका चॅनलमध्ये. इथपर्यंत वाट सहसा एकच असते. मिक्सरपासून तिला फाटे फुटतात: प्रेक्षागृहातले स्पीकर, मंचावरचे मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), गायकांच्या कानातले मॉनिटर, रेकॉर्डर, लाइव्ह प्रक्षेपणाचा संगणक, दुभाष्यांची खोली, मेकअप रूममधला छोटा स्पीकर, पत्रकारांसाठी ठेवलेली जोडणी. प्रेक्षागृह शांत आहे म्हणजे या सगळ्या जागा शांत आहेत, हा समज बहुतेक फजित्यांच्या मुळाशी असतो.

फेडर, म्हणजे चॅनलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढला की मुख्य स्पीकर बंद होतात. फेडरच्या नंतर काढलेले ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून इतर ठिकाणी आवाज नेणारे फाटे, तेही बंद होतात. पण मॉनिटरचे ऑक्स सहसा फेडरच्या आधीच काढलेले असतात, कारण गायकाला आपला आवाज प्रेक्षागृहातल्या चढउतारांपासून मोकळा हवा असतो. प्रक्षेपणाकडे जाणारा ऑक्स घाईघाईत असाच ‘प्री’वर, म्हणजे फेडरच्या आधी, राहिला, तर फेडर तळाला असतानाही घरी बसलेल्या प्रेक्षकाला सगळं स्पष्ट ऐकू येतं.

म्यूटचं बटन फेडरपेक्षा भरवशाचं आहे. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर ते चॅनलमधून निघणारे सगळे ऑक्स एकदम थांबवतं. तरी गृहीत धरू नका. काही मिक्सरवर म्यूट प्री ऑक्सला लागू व्हावं की नाही हे सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं, आणि जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर मॉडेलगणिक वागणूक वेगळी. यूएसबीवरून प्रत्येक माइकचं स्वतंत्र रेकॉर्डिंग चालू असेल तर ते बहुधा म्यूटच्याही आधी उचललेलं असतं. म्हणजे तुम्ही म्यूट केलेला माणूस विंगेत जे काही बोलतो ते हार्ड डिस्कवर स्वच्छ उतरत राहतं.

आणखी दोन वाटा तुमच्या मिक्सरला शिवतच नाहीत. एक म्हणजे स्प्लिटर: मंचावरच वायरला फाटा काढून तोच माइक प्रक्षेपण करणाऱ्यांच्या गाडीत जातो. तुमचं म्यूट त्या गाडीतल्या मिक्सरवर काहीही करत नाही. दुसरी म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेला रिसीव्हर. वाहिनीच्या माणसाने वक्त्याच्या कोटाला लावलेला माइक थेट त्याच्या कॅमेऱ्याशी बोलत असतो. सभागृहातल्या ध्वनियोजकाला त्याचा पत्ताही नसतो.

२८ एप्रिल २०१० रोजी रॉचडेलमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्याबाबतीत नेमकं हेच झालं. निवडणुकीचा प्रचार चालू होता, एका मतदार महिलेशी रस्त्यावर बोलून ते गाडीत बसले आणि कोटाला वाहिनीचा वायरलेस माइक तसाच राहिला. गाडीचं दार लागल्यावर त्यांनी त्या महिलेबद्दल सहकाऱ्याजवळ जे उद्गार काढले ते टिपले गेले, आणि त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन त्यांना माफी मागावी लागली. मधल्या वेळात एका रेडिओ मुलाखतीत ती ध्वनिफीत त्यांना ऐकवली गेली. ती ऐकताना त्यांनी डोकं हातावर टेकलं, आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्याने तेही दृश्य टिपलं. बंद दार वायरलेस माइकला अडवत नाही. म्हणून मोठ्या माणसांसोबत फिरणाऱ्या सहाय्यकाच्या कामांत एक काम ठळक लिहिलेलं असावं: परका माइक काढून ज्याचा त्याच्या हातात दिल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

वाटा तपासायची रीत सोपी आहे, फक्त ती कार्यक्रमाआधी, सगळं जोडून झाल्यावर करायची. एकाने मंचावर माइक लावून एक ते शंभर आकडे सावकाश म्हणत राहायचं. दुसऱ्याने मिक्सरवर त्या चॅनलला म्यूट करायचं. तिसऱ्याने हेडफोन घेऊन प्रत्येक टोकाला जायचं: रेकॉर्डर, प्रक्षेपणाचा संगणक, दुभाष्यांची पेटी, मेकअप रूम, पत्रकारांची जोडणी. जिथे आकडे ऐकू येत राहतील ती उघडी वाट. ती वहीत लिहा, बंद करता येत असेल तर करा, नसेल तर तिथल्या माणसाला सांगून ठेवा. मग फेडर खाली ओढून हीच फेरी पुन्हा. मध्यम आकाराच्या सभागृहात याला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि ध्वनिचाचणीतली ही सर्वांत मोलाची पंधरा मिनिटं आहेत.

पॅकवरची बटनं

पॅकवर दोन वेगळी बटनं असतात आणि लोक ती एकच समजतात. पॉवर बंद केली की रेडिओलहरी थांबतात. म्यूट केलं की लहरी चालू राहतात, त्यावरून आवाज जात नाही. काही पॅकमध्ये म्यूटचं बटन काय करेल हे आतल्या मेनूत ठरवलेलं असतं: आवाज थांबवेल, लहरी थांबवेल, दाबून धरलं तरच बोलू देईल किंवा काहीच करणार नाही. भाड्याने आलेल्या सामानात आधीच्या कार्यक्रमाचं सेटिंग तसंच असतं. प्रत्येक पॅक हातात घेऊन बटन दाबून बघा, म्हणजे ते काय करतं ते कळेल.

दिव्याच्या रंगावर जाऊ नका. एका बनावटीत हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे म्यूट. परिषदेच्या टेबलावरच्या लांब मानेच्या माइकवर लाल कडं पेटलं की बहुधा माइक चालू असतो, आणि व्हिडिओ बैठकीच्या खोल्यांत लाल म्हणजे पुन्हा म्यूट. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकार असतील तर टेबलावर प्रत्येक माइकपुढे छोटी चिठ्ठी चिकटवा: ‘लाल = चालू’ किंवा ‘लाल = बंद’.

आता ठरवायचं की बटन कोणाच्या ताब्यात. मिक्सरवर पूर्ण वेळ माणूस बसणार असेल तर पॅक चालू करून कुलूप लावा आणि बोलणाऱ्याला स्पष्ट सांगा: ‘बटनाला हात लावायचा नाही, उघडणं-मिटणं आम्ही करतो.’ मिक्सरवर माणूसच नसेल, म्हणजे छोटी बैठक, वर्ग, घरगुती सोहळा, तर कुलूप काढा आणि बोलणाऱ्याला म्यूटचं बटन तीन वेळा दाबून दाखवायला लावा. दोघांच्याही ताब्यात अर्धं-अर्धं ठेवणं सर्वांत वाईट. वक्ता स्वतः म्यूट करून बसतो, मग उठून बोलू लागतो, आवाज येत नाही. मिक्सरवरचा माणूस घाबरून गेन (माइकच्या आवाजाची मूळ वाढ) आणि फेडर दोन्ही वर ढकलतो. तेवढ्यात वक्त्याला बटन आठवतं, तो ते दाबतो आणि सभागृहात कानठळ्या बसतात. आवाज येत नसेल तर गेनला हात न लावता आधी रिसीव्हरवरचे दिवे बघा: लहरींचा दिवा पेटलाय का, आवाजाचा काटा हलतोय का, म्यूटची खूण दिसतेय का. बहुतेक वेळा कारण तिथेच दिसतं.

बंद करण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी मिक्सरवर म्यूट, मग पॅक बंद. उलट केलं तर लहरी नाहीशा होताना स्पीकरमधून ‘ठप्प’ किंवा खरखरीचा लोट येऊ शकतो. चॅनल उघडा राहिला तर त्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर शेजारच्या सभागृहातलं कुणीतरी तुमच्या स्पीकरवर बोलू लागण्याचीही शक्यता असते. चालू करताना आधी पॅक, मग रिसीव्हरवर लहरी आल्याची खात्री, मग हेडफोनवर त्या चॅनलचं पूर्वश्रवण आणि सगळ्यात शेवटी म्यूट काढणं. हेडफोनवर दोन सेकंद ऐकल्यावर माणूस अजून कुणाशी बोलतोय की तयार उभा आहे हे कळतं. या दोन सेकंदांनी जितक्या फजित्या वाचतात तितक्या कोणत्याही महाग यंत्राने वाचत नाहीत.

माइकचा तक्ता

तीनपेक्षा जास्त माइक असले की डोक्यात हिशेब ठेवायचा नाही. एका कागदावर उभे रकाने पाडा: माइक क्रमांक, मिक्सरचा चॅनल, कोणाकडे, कधी उघडायचा, कधी मिटायचा, सेल कधी बदलले. क्रमांक तिन्ही ठिकाणी एकच हवा: माइकवर, रिसीव्हरवर आणि चॅनलवर. हातातल्या माइकच्या बुडाला वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा आणि तोच रंग मिक्सरवरच्या पट्टीवर वापरा, म्हणजे लांबूनही दिसतं की पाहुण्यांच्या हातात पिवळा गेलाय. कार्यक्रमात माइक हातोहात फिरतात. ‘माइक तीन अध्यक्षांचा’ ही कागदावरची नोंद पाचव्या मिनिटाला खोटी ठरू शकते. म्हणून विंगेत एक माणूस असा हवा ज्याचं काम फक्त माइक देणं, घेणं आणि अदलाबदल झाली की मिक्सरवर कळवणं एवढंच.

नाटकात आणि संगीतिकेत माइक प्रवेशाप्रमाणे उघडून चालत नाही, वाक्याप्रमाणे उघडावा लागतो. संहितेची प्रत मिक्सरजवळ ठेवा आणि प्रत्येक एंट्रीपुढे चॅनलचा क्रमांक लिहा. पात्र बोलायच्या साधारण एक सेकंद आधी चॅनल उघडायचा. मिटायचा मात्र शेवटचं वाक्य संपल्यावर, पात्र अजून मंचावर असतानाच. ते विंगेत पोचेपर्यंत वाट पाहिली तर सुटकेचा पहिला सुस्कारा आणि पहिला शेरा प्रेक्षागृहात जातो, कारण माणूस अंधारात पाऊल ठेवताच सैलावतो. दोन पात्रं मिठी मारतात तेव्हा एकाचाच माइक उघडा ठेवा; एक आवाज दोन माइकमध्ये थोड्या फरकाने शिरला की तो पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो.

डिजिटल मिक्सरवर सगळ्या मंच माइकांचा एक म्यूट ग्रुप करून ठेवा आणि तो अशा बटनावर बसवा जे अंधारातही बोटाला सापडेल. मध्यंतराला, चित्रफीत चालू असताना, पारितोषिकांच्या धांदलीत हे एक बटन दाबायचं. त्यात संगीताचा आणि चित्रफितीचा चॅनल नसावा, नाहीतर बटन दाबताच सगळंच गप्प होईल आणि पुढच्या वेळी ते दाबायला हात धजणार नाही.

परिसंवादात टेबलावर सहा-आठ माइक असतात आणि ते सगळे उघडे ठेवायचा मोह होतो, कारण कोण कधी बोलेल सांगता येत नाही. इथे आवाजाचं गणित तुमच्याच बाजूने आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरमधून शिट्टी येण्यापूर्वी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. एकाचे आठ केले तर ९ डेसिबल गेले. न बोलणाऱ्यांचे माइक मिटले की कुजबुजही वाचते आणि बोलणाऱ्याचा आवाजही मोकळा होतो. स्वयंचलित मिक्सर वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की तो शांत माइकची पातळी उतरवतो, माइक मिटत नाही. जवळून केलेली कुजबुज त्याला बोलणंच वाटते आणि तो ती नेकीने वर आणतो. ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणाऱ्या नॉइज गेटचंही तसंच. ही दोन्ही साधनं आवाज स्वच्छ ठेवण्यासाठी आहेत, गुपित राखण्यासाठी नाहीत.

चाचणीत काय बोलायचं

११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आठवड्याच्या रेडिओ भाषणाआधी आवाजाची चाचणी देत होते. त्यांनी गमतीत म्हटलं की रशियाला बेकायदा ठरवणारा कायदा आपण मंजूर केलाय आणि पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू होईल. ते वाक्य प्रक्षेपित झालं नव्हतं. पण चाचणीचा आवाजही लाइनवरून पुढे गेला होता, तो टेपवर उतरला आणि बाहेर फुटला. चाचणी म्हणजे मोकळा वेळ नव्हे, कारण पातळी लावायची तर रेकॉर्डर चालू करून बघावंच लागतं.

बोलणाऱ्याच्या हातात चाचणीसाठी छापील मजकूर द्या: त्याच्याच भाषणाचा पहिला परिच्छेद. नुसतं ‘हॅलो, हॅलो’ तपासायला निरुपयोगी आहे; माणूस ते मंचावर बोलणार त्यापेक्षा हळू म्हणतो, आणि मग खऱ्या भाषणात पहिल्याच वाक्याला आवाज फाटतो. माइकवर फुंकर मारू नका, टिचकी मारू नका. फुंकरीने ओल आत जाते आणि टिचकीने पडद्यावर अकारण धक्का बसतो.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर, छातीच्या मध्यभागी लावा. क्लिपजवळ वायरचा छोटा फास करून अडकवा, म्हणजे वायर ओढली गेली तर तो ताण माइकपर्यंत पोचत नाही. लांब गळ्यातलं, ओढणी किंवा बिल्ला माइकवर घासत असेल तर तो प्रत्येक श्वासाला खरखरेल. माइक दोन बोटं सरकवला तरी पुरतं. घामट भूमिका असेल तर पॅक पातळ रबरी पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. घाम आत गेला की पॅक फक्त बंद पडतो असं नाही. आधी तो तडतडतो, आणि तेही नेमकं हळव्या प्रसंगात.

प्रसाधनगृहाचा नियम

याला अपवाद नको: कॉलर माइक लावलेला माणूस प्रसाधनगृहात जाण्याआधी पॅक काढून विंगेतल्या माणसाच्या हातात देईल. ‘मी म्यूट केलंय’, ‘मिक्सरवरून बंद आहे’ ही उत्तरं पुरेशी नाहीत, कारण वर सांगितलेल्या वाटांपैकी एखादी उघडी असू शकते. पॅक वेशभूषेच्या आत शिवलेला असेल आणि काढणं शक्यच नसेल, तर विंगेतल्या माणसाने तो स्वतः पॉवरने बंद करावा, मिक्सरकडून रिसीव्हरवर लहरी गेल्याचा निरोप घ्यावा आणि मगच माणसाला जाऊ द्यावं. वकिलाशी, डॉक्टरांशी किंवा घरच्यांशी खासगी बोलण्यालाही हाच नियम. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून लोक सांगत नाहीत; माइक लावतानाच, सगळ्यांना एकाच सुरात सांगितलं तर कुणालाच अवघड वाटत नाही.

कुणाच्याच नावावर नसलेले माइक

व्यक्तीच्या अंगावरचा माइक निदान आठवतो. विसरले जातात ते मंचाच्या कडेला जमिनीवर ठेवलेले चपटे माइक, प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी वर टांगलेले, तबल्याजवळचे, पियानोच्या आतले, पोडियमवरचे आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचे. वादक दोन रचनांच्या मध्ये जे बोलतात ते वाद्याच्या माइकमधूनच जातं. तक्त्यात यांनाही क्रमांक द्या आणि मध्यंतराच्या म्यूट ग्रुपमध्ये घाला.

क्रिकेटमधला स्टंप माइक याच जातीचा. जानेवारी २०१९ मध्ये डरबनच्या एकदिवसीय सामन्यात पाकिस्तानचा कर्णधार सर्फराझ अहमदने दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजाबद्दल केलेली वर्णद्वेषी शेरेबाजी स्टंप माइकने टिपली आणि त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. तो माइक बॅटचा स्पर्श ऐकण्यासाठी तिथे होता. पण माइकला हेतू कळत नाही.

दुभाष्यांची यंत्रणा तर खास सांभाळायची. नोव्हेंबर २०११ मध्ये कान इथल्या जी-२० परिषदेत निकोलस सार्कोझी आणि बराक ओबामा बंद खोलीत इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्याबद्दल बोलत होते. भाषांतर ऐकण्याच्या पेट्या पत्रकारांना पत्रकार परिषदेआधीच दिलेल्या होत्या. काहींनी स्वतःचे इयरफोन जोडले आणि ते खासगी बोलणं त्यांच्या कानावर पडलं. तेव्हा ऐकण्याच्या पेट्या वाटल्या की ती वाट चालू झाली असं समजा, आणि माइककडून तिकडे जाणारा ऑक्स कार्यक्रम सुरू होईपर्यंत म्यूट ठेवा. दुभाष्यांच्या टेबलावरचं खोकल्याचं बटन दाबून धरलं तेवढाच वेळ आवाज थांबवतं; बोट सुटलं की माइक पुन्हा चालू. लांबलचक बोलायचं असेल तर मुख्य बटनच बंद करायला हवं.

ध्वनियोजकाची स्वतःची फजिती

मिक्सरवरच्या टॉकबॅक माइकने भरसभेत जितकी लाज आणली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने आणली असेल. मंचावरच्या मॉनिटरमध्ये बोलण्यासाठी असलेलं हे बटन चुकून मुख्य स्पीकरकडे जोडलेलं राहतं आणि ‘त्या बाईंना सांगा आता आवरा’ हे सगळं सभागृह ऐकतं. दोन उपाय. टॉकबॅकची जोडणी फक्त मॉनिटरकडे ठेवा, मुख्य स्पीकरकडची चाचणी संपताच काढून टाका. आणि ते बटन दाबून धरल्यावरच चालू राहील असं लावा, एकदा दाबलं की अडकून राहणारं नको. इंटरकॉमच्या (तंत्रज्ञांच्या आपसातल्या बोलण्याच्या यंत्रणेच्या) बेल्टपॅकवरही बोलून झालं की माइक मिटायची सवय लावा. एकाचा उघडा राहिला की त्याच्याजवळच्या स्पीकरचा गोंगाट सगळ्यांच्या कानात जातो आणि नेमकी सूचना ऐकू येत नाही.

गायकांना मॉनिटरवाल्याशी बोलायचं असतं. तो मजकूर मुख्य माइकवरून सांगितला की प्रेक्षकांना ‘माझा आवाज वाढव’ ऐकावं लागतं. पायाने दाबायचा स्विच असलेला वेगळा बोलका माइक ठेवा, तो फक्त मॉनिटर मिक्सरकडे जाईल. ते जमत नसेल तर हाताच्या खुणा आधी ठरवा: बोट माइककडे आणि मग वर, म्हणजे माझा आवाज वाढव, तळवा खाली, म्हणजे कमी कर.

शिट्टी

सभेचा रंग घालवायला ही एकटी पुरते. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो आणि एका सुरावर वेटोळं घालतो. मुख्य स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे ठेवा. माइक घेऊन कुणी त्यांच्यापुढे जाणार नाही अशी मंचावर चिकटपट्टीची रेघ मारा. बोलणारा माइकपासून १० सेंटिमीटरवरून ५ वर आला तर सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात, म्हणून फेडर वाढवण्याआधी माणसाला जवळ आणा. हातातल्या माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळेच तो समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतो. त्या झाकल्या की तो सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी ठरलेली.

रिकाम्या सभागृहात फेडर हळूहळू वर न्या, पहिली शिट्टी सुरू होऊ लागली की तो सूर ग्राफिक किंवा पॅरामेट्रिक इक्वलायझरवर (आवाजातल्या सुरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) शोधा आणि अरुंद पट्टीत ३ ते ६ डेसिबल कापा. पुन्हा वर न्या, दुसरा सूर कापा. तीन-चार सुरांनंतर थांबा. त्यापुढे कापत गेलात तर आवाजातला प्राण जातो, आणि तेव्हा दोष इक्वलायझरचा नसून माइकच्या किंवा स्पीकरच्या जागेचा असतो. कार्यक्रमात शिट्टी आलीच तर मुख्य फेडर न मिटता ज्या माइकची आहे तो साधारण ५ डेसिबल खाली घ्या.

वायर काढताना, जोडताना आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (काही माइकना वायरीतूनच मिळणारी वीज) चालू-बंद करताना चॅनल म्यूट हवाच, नाहीतर धडाम आवाज येतो. यंत्रं चालू करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

सेलच्या बाबतीत काटकसर नको. पेन्सिल सेलची जोडी अनेक पॅकमध्ये सहा ते आठ तास चालते, पण उरलेल्या सेलवर नवा प्रयोग सुरू करू नये. साधे आणि पुन्हा चार्ज होणारे सेल एकाच पॅकमध्ये मिसळू नका.

प्रक्षेपण सुरू होताना आणि संपताना

लाइव्ह प्रक्षेपणातल्या गोंधळाच्या जागा दोन: ‘थोड्याच वेळात सुरू होत आहे’ ही पाटी लागलेली असतानाची वेळ आणि समारोपानंतरची वेळ. पाटी दिसते म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण पाटी हे फक्त चित्र आहे. तिच्यासोबतचा आवाज वेगळा बंद करावा लागतो. प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाटीच्या दृश्याला माइकची जोडणीच देऊ नका, फक्त संगीत द्या. संगणकाचा आणि वेबकॅमचा स्वतःचा माइक सेटिंगमध्ये कायमचा बंद करा. मिक्सरवर सगळं म्यूट असताना खोलीतलं बोलणं बाहेर गेलं तर दोषी बहुधा तोच असतो.

संपवताना क्रम असा: आधी आवाज, मग पाटी, मग प्रक्षेपण थांबवणं. त्यानंतर वेगळ्या फोनवर, वेगळ्या इंटरनेटवरून ते खरंच थांबलंय का ते बघा. प्रेक्षकांपर्यंत प्रक्षेपण काही सेकंद ते अर्धा मिनिट उशिरा पोचतं, म्हणून फोनवर शेवट दिसेपर्यंत खोलीत कुणी मोकळेपणाने बोलू नये. ‘झालं, सुटलो’ हे म्हणायची परवानगी फोन बघणाऱ्याने द्यायची.

झालंच तर

पहिल्या दोन सेकंदांत त्या माइकला म्यूट. कोणता आहे हे कळत नसेल तर मंच माइकांचा म्यूट ग्रुप. शोधत बसू नका, आधी मिटा आणि मग शोधा. लगेच हळू संगीत लावा, कारण अचानक पडलेल्या शांततेत ऐकलेलं वाक्य अधिक ठसतं. प्रक्षेपणवाल्याला आणि रेकॉर्डिंगवाल्याला इंटरकॉमवर फक्त वेळ सांगा: ‘आठ वाजून बारा मिनिटं, माइक चार.’ विंगेतल्या माणसाने त्या व्यक्तीला गाठून कानात सांगावं. मंचावरून हातवारे करून सांगू नये.

नुसता अवघड आवाज गेला असेल, म्हणजे खोकला, पाणी, घोरणं, तर मंचावरून त्याचा उल्लेख करू नका, निवेदकाने पुढची ओळ घ्यावी. कुणाबद्दल वाईट शब्द गेले असतील तर मात्र गप्प बसून निभत नाही. बोलणाऱ्याने त्याच कार्यक्रमात, दोन वाक्यांत, ज्याच्याबद्दल बोललं त्याची माफी मागावी; ‘माइक चालू होता हे माहीत नव्हतं’ हे त्या माफीत येऊ नये, कारण त्याचा अर्थ ‘माहीत असतं तर लपवलं असतं’ असाच होतो. ध्वनिव्यवस्थेची चूक असेल तर ध्वनिव्यवस्थेच्या प्रमुखाने त्या व्यक्तीला स्वतः भेटून तसं सांगावं.

प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग अनेक मंचांवर आपोआप जतन होऊन सार्वजनिक होतं. ते आधी खासगी करा, नोंदलेल्या वेळेचा तुकडा काढा आणि मग पुन्हा खुलं करा. स्वतंत्र चॅनलांच्या रेकॉर्डिंगमध्ये म्यूट केलेल्या काळातलं विंगेतलं सगळं बोलणं असतं, फजिती झाली नसली तरीही. त्या फाइल कोणाकडे राहतील हे कार्यक्रमाआधी लेखी ठरवा, अंतिम मिश्रण तयार झाल्यावर त्या पुसा, आणि संकलकाला देताना प्रत्येक चॅनलचा न वापरलेला भाग आधी कापून मगच द्या.